शालनताईंचं नाव

आमच्या घरी लग्नं आणि मयतं एकाच टेबलावर व्हायची. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची दोन खोल्यांची जागा होती. बाबा लॅबमध्ये होते, त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली आईचा कम्प्युटर होता. त्यावर आई पत्रिका करायची. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, जावळाच्या, आणि सगळ्यात जास्त दहाव्याच्या. लग्नाची माणसं महिनाभर आधी येतात, गणपतीचं चित्र डावीकडचं उजवीकडे करायला चार खेपा घालतात, हसतात, चहा पितात. मरणाला तेवढी सवड नसते. माणूस गेला, तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली, की घरातला कुणीतरी जाणता माणूस वहीच्या कागदावर नावं लिहून आमच्या दारात उभा राहायचा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, हातातला कागद घामानं ओला. दोन दिवसांत पत्रिका छापून गावोगाव निघायला हव्या असायच्या. आई त्यांना पाट द्यायची, पाणी द्यायची आणि काही न विचारता कागद घ्यायची. मला वाटतं लोक तिच्याकडे यायचे ते तिच्या टायपिंगपेक्षा या न विचारण्यासाठी.

कम्प्युटर बारामतीहून जोडून आणलेला होता. त्याच्यावर आईनं विणलेलं पांढरं झाकण असायचं आणि दसऱ्याला त्याला हळदीकुंकू लागायचं. पहिलं वर्षभर तो शहाण्यासारखा वागला. पुढं त्याचं काय बिनसलं ते घरात माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. तो मंद झाला. सकाळी बटण दाबलं की आई देवपूजा उरकून यायची, तरी पडद्यावर काही उगवलेलं नसायचं. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर यायला इतका वेळ लागायचा की आई अख्खी ओळ आंधळ्यासारखी टाइप करून टाकायची आणि मग हात गुडघ्यावर ठेवून ती उमटायची वाट बघायची. शेवटी तिनं त्याच्याशी जमवून घेतलं. सेव्ह दिलं की ती उठून आत जायची आणि एक भाकरी थापून तव्यावर टाकायची. भाकरी उलटून पुन्हा बाहेर. प्रिंट दिली की आमटीला फोडणी. आमच्या घरात त्या काळात स्वयंपाक आणि पत्रिका अशा एकमेकींत विणलेल्या होत्या, आणि भाकरीचा खरपूस वास, कम्प्युटरच्या उघड्या ठेवलेल्या डब्यातून येणारा तापलेल्या धुळीचा वास आणि बाहेरून येणारा मळीचा आंबूस वास असे तिन्ही मिळून जो एक वास होई, तो माझ्या लेखी आईचा वास. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावलेला असायचा. आईची समजूत अशी की बिचारा तापतो. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, खिडकीची काच थरथरायची, आणि आई म्हणायची, या हादऱ्यांनीच त्याचं आतलं काहीतरी ढिलं झालंय.

ढिलं काही झालं नव्हतं. मी त्यात गेम भरत होते.

मला आता हसू येतं आणि लगेच ते विरतं. दहावीच्या वर्गातली मुलगी, दोन वेण्या, गणितात बरी, कॉलनीतल्या बायकांच्या दृष्टीनं गरीब गाय. मैदानात मुलं क्रिकेट खेळायची, तिथं मुलींनी थांबायचीसुद्धा पद्धत नव्हती. मला मात्र गाड्या पळवायच्या होत्या. फोनच्या तारेतून नुकतंच घरी नेट आलं होतं, आईला फायली पाठवायला सोपं जावं म्हणून घेतलेलं. त्यातून मी गाड्यांच्या शर्यतीचे गेम उतरवायला लागले. एक उतरवला की त्याच्याबरोबर न मागता आणखी चार वस्तू यायच्या, पडद्यावर पट्ट्या चिकटायच्या, कोपऱ्यात काहीतरी लुकलुकायचं. एक चालला नाही की मी दुसरा उतरवायची आणि पहिला तसाच ठेवायची, कारण कधीतरी चालेल अशी आशा. हे सगळं मी ‘जुन्या पत्रिका’ नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आत ‘दशक्रिया’, आणि त्याच्याही आत आणखी एक फोल्डर करून लपवलं होतं. आई तिथं कधी जाणार नाही हे मला माहीत होतं. झालेल्या दहाव्याची पत्रिका पुन्हा उघडू नये, असं ती मानायची.

एकदा बारामतीहून मेकॅनिक आला. त्यानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, “वैनी, नेटवरनं काय उतरवता का? गेम, पिच्चर असलं? हार्डडिस्क पाक भरली होती.” आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “नाही बुवा.” आई त्याला म्हणाली, “आमच्याकडं कोण खेळणार? हिला अभ्यासातून डोकं वर काढायला सवड नाही.” आई माझ्या बाजूनं इतक्या सहज बोलली की मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. आठवड्यात मी पुन्हा सुरुवात केली.

आईच्या कामात माझा एक वाटा होता, नावं वाचायचा. लग्नाच्या पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस रुसतो, आहेर न घेता निघून जातो, आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी बारशात गोड होतो. दहाव्याच्या पत्रिकेत ‘शोकाकुल’ म्हणून जी नावं येतात त्यातलं एक राहिलं, तर ते त्या माणसाला तू आमचा कुणी नाहीस असं सांगितल्यासारखं होतं, आणि सांगणारा मेलेला असतो. त्याच्याशी भांडताही येत नाही. म्हणून आईचा नियम होता. शेवटचं सेव्ह झालं की फाइल बंद करायची, पुन्हा उघडायची, आणि मी पडद्यावरून एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. आई हातातल्या कागदावर पेन्सिलीनं टिकल्या करत जायची. पत्नी, मुलं, सुना, मुली-जावई, नातवंडं, पुतणे, भाचे. सगळी जुळली की मगच फाइल पेनड्राइव्हवर घालायची, पेनड्राइव्ह रिकाम्या औषधाच्या डबीत, डबीला रबर, आणि ती डबी बारामतीला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हातात. एवढ्या मोठ्या फायली आमच्या नेटवरून जाता जात नसत, त्यामुळं जीपच बरी. छापखाना बारामतीत होता.

कोऱ्हाळ्याचे आबा गेले तेव्हा ऊस तोडणीचे दिवस होते. कोऱ्हाळे बुद्रुक आमच्यापासून जवळच. त्यांचा थोरला मुलगा दत्ताकाका आम्हाला ओळखीचा होता, त्याच्या दोन्ही मुलांच्या लग्नाच्या पत्रिका आईनंच केल्या होत्या. राख सावडून तो आला तो दोन चुलतभावांना घेऊन. कागदावर चाळीसेक नावं होती. आई टाइप करत होती आणि तिघंही पाठीमागं उभे होते. मुलींच्या ओळीशी आल्यावर आईनं विचारलं, “मुली दोनच ना?” विचारायची ती एवढंच. दत्ताकाकानं डोक्यावरची टोपी सारखी केली. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “दोनच. तिसरी हाय, ती आमच्यातनं गेली.” आईला वाटलं वारली. संध्याकाळी तिला बाहेरून कळलं की शालन नावाची ती तिसरी मुलगी कॉलेजात असताना मनानं लग्न करून गेली होती. आमच्या नात्यातला न्हाय, एवढंच लोक त्या मुलाबद्दल सांगायचे. इंदापूर तालुक्यात वरकुट्याला ती नांदत होती. पंधरा-सोळा वर्षं तिनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. आबांच्या मातीलाही तिला कुणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दत्ताकाका एकटा आला. त्या दिवसांत साडेअकराला आमच्याकडची लाइट जायची ती एकदम चारला यायची, आणि बारामतीची जीप सव्वाअकराला नाक्यावर यायची. पत्रिका त्या जीपनं गेलीच पाहिजे होती. मी शाळेला बुट्टी मारून घरी होते, पोट दुखतंय म्हणून. खरं कारण असं की नऊ दिवस थोडा थोडा करून उतरवलेला एक मोठा गेम त्या पहाटे पुरा उतरला होता, आणि मी आईच्या पाठीमागं तो बसवायला लावला होता. पडद्यावर दिसत काही नव्हतं, आत मात्र डबा घरघरत होता. आई म्हणाली, आज फारच धापा टाकतोय.

ती दत्ताकाकासाठी चहा करायला आत गेली. मी खुर्चीत होते. दत्ताकाका पाटावर बसला होता, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, डोक्याचा नुकता गोटा केलेला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. पडद्याकडं बघत तो हळूच बोलायला लागला, जसं काही कम्प्युटरलाच सांगतोय. “आबा जायच्या आदल्या दिशी म्हणलं मला. शालनचं नाव घाल म्हणलं. खोलीत मी एकटाच व्हतो. मी म्हणलं, कशात घालू आबा? तर म्हणलं, घाल, सगळ्यात घाल.” मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. “काल भावकी व्हती संगं, म्हणून बोललो न्हाय. घरात बी कुणाला सांगितलं न्हाय अजून. आता काय व्हायचं ते व्हईल.” मोठी माणसं मोठ्यांना जे सांगू शकत नाहीत ते असं पोरांसमोर बोलतात. मी मान हलवली. माझं अर्धं लक्ष डब्याच्या घरघरीकडं होतं.

आई चहा घेऊन आली. दत्ताकाकानं तिला एवढंच सांगितलं, “वैनी, मुलींत आणखी एक नाव घालायचं. सौ. शालन.” जावयाचंही नाव त्यानं सांगितलं, न अडखळता. आईनं टाइप केलं. अक्षरं एकेक करून उमटली. दत्ताकाका वाकून बघत राहिला, आणि शेवटचं अक्षर आल्यावर म्हणाला, “बास. झालं.” तिथंच दारात उभं राहून त्यानं शालनताईंना फोन लावला. त्यांच्याशी इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा बोलत असावा. “मी दत्ता. पत्रिकंत नाव घातलंय तुझं. दहाव्याला ये. बाकीचं हितं आल्याव बोलू.” पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. दत्ताकाका मोटरसायकलवर बसून गेला.

आईनं सेव्ह दिलं आणि आत जाऊन भाकरी टाकली. भाकरी उलटून ती बाहेर आली तरी घड्याळाचं ते चित्र पडद्यावर तसंच. दुसरी भाकरी झाली, तिसरी झाली. पडदा गोठला होता, माउस हलत नव्हता. अकरा वाजून गेले. शेवटी आईनं डोळे मिटून प्लग ओढला आणि पुन्हा लावला. कम्प्युटर कण्हत सुरू व्हायला लागला. “तो जीपवाला थांबत नाही कुणासाठी,” आई चपला शोधत म्हणाली. “मी नाक्यावर जाऊन त्याला धरते. तू फाइल उघड. बाकीची नावं कालच वाचून सेव्ह झालीत, शालनचं नाव बसलंय का तेवढं बघ. नसलं तर घाल, सेव्ह कर आणि मगच कॉपी कर. आणि पळत ये.”

ती गेली. घरात मी एकटी. पडदा उजळला. मी आधी काय केलं ते लिहिताना आजही पेन थबकतं. मी आधी गेम बसवायला लावला. मध्येच तुटलेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं, आणि लाइट जायच्या आत ते पुरं व्हायला हवं होतं. आईचं काम काय, दोन मिनिटांचं. मग मी पत्रिकेची फाइल उघडली. ती उघडेना. घड्याळाचं चित्र फिरत राहिलं. गेम थांबवला असता तर फाइल पटकन उघडली असती. मला ते नीट कळत होतं, त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मी गेम थांबवला नाही. फाइल न उघडता तशीच पेनड्राइव्हवर ओढली, डबी बंद केली, रबर लावलं आणि धावत सुटले.

आई जीपच्या दाराला धरून उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिनं विचारलं, “बघितलंस?” मी म्हणाले, “बघितलं.” “आहे ना?” “आहे.” तिनं डबी दिली आणि जीप गेली. घरी येताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, पोट दुखत असताना पळायला लावलं म्हणून. घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. गेम अर्धाच बसला होता. पुढं तो कधीच चालला नाही.

पत्रिका छापून गठ्ठ्यानं परस्पर कोऱ्हाळ्याला गेल्या. दु:खाच्या घरात त्या कोण वाचत बसतो? मुलांनी पत्ते लिहिले आणि वाटल्या. वरकुट्यालाही एक गेली. आम्हाला काही कळलं नाही. त्या चार-पाच दिवसांत मी शाळेत गेले, आईनं दोन बारशी आणि एक लग्न टाइप केलं, एकादशीला साबुदाण्याची खिचडी झाली. मला त्या फाइलची आठवण एकदाही आली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आली होती. आली की मी स्वतःला सांगायची, सेव्ह झालंच असणार.

दहावा झाला त्याच दिवशी दुपारी दत्ताकाका आमच्या दारात आला. नदीवरून परस्पर आला होता, धोतराचा काठ ओला होता. आईनं पाट टाकला, तो बसला नाही. त्यानं खिशातून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं वाटण्याइतका तो बारीक होता. “वैनी, तुमी माझ्या म्होरं टाइप केलतं.” आईनं पत्रिका वाचली. मुलींच्या ओळीत दोनच नावं होती. “ती आली न्हाय,” दत्ताकाका म्हणाला. “सकाळधरनं रस्त्याकडं बघत व्हतो. घास ठेवला, तर कावळा बी येईना. समोर झाडावर बसल्यालं, पण खाली उतरंना. एकेकजण पाया पडून सांगाय लागला, आबा, शेतीचं बघतो, आयेचं बघतो. मला ठावं व्हतं आबा कशापायी अडलंत. मी म्हणलं, शालनचं नाव घातलंय आबा. तवा चुलतभाऊ मागनं म्हणला, कुठं घातलंय? पत्रिकंत तर न्हाय. बरं केलंस, गाळलंस ते.” दोन तास थांबून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून घासाला लावला होता. दत्ताकाका ते सांगताना जमिनीकडं बघत होता. सहाशे माणसांसमोर तो आपल्या मेलेल्या बापाशी खोटं बोलल्यासारखा झाला होता.

आईनं कम्प्युटर लावला. आम्ही तिघं तो सुरू व्हायची वाट बघत उभे राहिलो. इतका वेळ मी कधी उभी राहिले नाही. फाइल उघडली. दोनच नावं. आई पडद्याकडं बघत म्हणाली, “माझी चूक आहे. सेव्ह झालंच नाही. मी स्वतः बघायला हवं होतं.” माझं नाव तिनं घेतलं नाही. तिला वाटलं असणार, पोर धांदलीत चुकली. मी ते तसंच वाटू दिलं. दत्ताकाका म्हणाला, “आता ती फोन बी उचलत न्हाय,” आणि निघून गेला.

आईनं दोन दिवस काम घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एका जाड कागदावर दुरुस्त पत्रिका छापून घेतली, एकच, तीन मुलींची, आणि मला म्हणाली, “चल माझ्याबरोबर. मी एकटी कशी बोलणार?” बारामतीहून आम्ही इंदापूरच्या एसटीत बसलो, वरकुट्याच्या फाट्यावर उतरलो आणि विचारत विचारत चालत गेलो. बांधाबांधानं डाळिंबाच्या बागा होत्या. शालनताई घरासमोरच्या शेडमध्ये डाळिंबं निवडत बसल्या होत्या. दत्ताकाकासारखंच रुंद कपाळ. आई कोण हे कळल्यावर त्यांनी आम्हाला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि पुन्हा डाळिंबं निवडायला लागल्या. चांगली एका क्रेटात, तडकलेली दुसऱ्यात.

आईनं सगळं सांगितलं. कम्प्युटर कसा मंद आहे, नाव कसं टाइप केलं होतं, पडदा कसा गोठला, प्लग कसा ओढला, दहाव्याला कावळा कसा शिवला नाही. शालनताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “चाळीस नावं व्हती म्हणता. त्यातलं माझंच बरं खाल्लं कम्प्युटरनं?” आई म्हणाली, “ते शेवटी घातलं म्हणून...” “व्हय. शेवटीच घालत्याल.” त्यांचा आवाज कडू नव्हता, थकलेला होता. “कावळा शिवला न्हाय म्हणून पाठवलं ना तुमाला? का आता वावराच्या हक्कसोडीला सही लागंल म्हणून? सही मी देतेच की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलासा? मी नवं लुगडं घेऊन बसले व्हते दहाव्यासाठी. फोन आल्यापास्नं पोरांना सांगत व्हते, मामाकडं जायचंय. मग ती पत्रिका आली.”

आईनं पिशवीतली दुरुस्त पत्रिका काढून पोत्यावर ठेवली. माझ्या आईवर कुणी खोटेपणाचा आळ घ्यावा हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि ते माझ्यामुळं. मी बोलले. सगळं बोलले. गेम, नऊ दिवस, लपवलेलं फोल्डर, आईनं बघायला सांगितलं होतं ते, न बघता बघितलं म्हणाले ते. आई माझ्याकडं वळली नाही. तिचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिनं काढून मांडीवर घेतला, एवढंच. शालनताईंनी निवडणं थांबवलं होतं. मग त्यांनी मला न विचारता आईला विचारलं, आणि या वेळी आवाज वेगळा होता, जवळजवळ लहान मुलीचा. “वैनी, एक सांगा. माझं नाव घालायचं दादाच्या मनात आलं, का आबा काय म्हणलं व्हतं?”

आई म्हणाली, “मला ठाऊक नाही, ताई. मला ते काही बोलले नाहीत.” आई खोटं बोलत नसे, सोयीचंसुद्धा.

मी म्हणाले, “आबाच म्हणाले होते. जायच्या आदल्या दिवशी. शालनचं नाव घाल म्हणाले, सगळ्यात घाल म्हणाले. दत्ताकाका माझ्यासमोर बोलले. आई तेव्हा आत चहा करत होती.”

शालनताईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर उघडला. तसा चेहरा मी त्यानंतर फार कमी वेळा पाहिला आहे. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “त्या दिवशी आईनं तुला विचारलं, नाव बघितलंस का. तू काय म्हणलीस?”

“बघितलं म्हणाले.”

“बघितलं व्हतंस?”

“नाही.”

“मग?”

त्यांनी पुढचं डाळिंब उचललं, फिरवून बघितलं आणि तडकलेल्यांत टाकलं. आई उठली. दुरुस्त पत्रिका तिनं पोत्यावर ठेवली होती, ती शालनताईंनी आमच्यामागं येऊन परत दिली. एसटीत आई खिडकीशी बसली आणि बारामती येईपर्यंत बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं मला मारलं नाही, बोललीही नाही, गेम पुसायला सांगितले नाहीत. मीच पुसले. कम्प्युटर पहिल्यासारखा झाला, अक्षरं बोटांबरोबर उमटायला लागली. आईनं त्यानंतर दहाव्याची पत्रिका कधी घेतली नाही. लग्नाची नावं ती स्वतःच वाचायची आणि स्वतःच टिकल्या करायची. मी जवळ गेले की म्हणायची, “तू अभ्यास कर.” तिच्यासाठी मी काही वाईट झाले नव्हते. तिचा माझ्यावरचा भरवसा फक्त उठला होता, आणि त्याला पुन्हा बसायला फार वर्षं लागली.

दत्ताकाकाला आईनं सगळं सांगितलं, अगदी माझ्यासकट. तो म्हणाला, “लहान हाय ती,” आणि वरकुट्याला काही गेला नाही. “तुमी तितं जाऊन सांगितलं, तर तिनं ऐकलं न्हाय. माझं काय ऐकंल?” शालनताई पुढं कचेरीत हक्कसोडीला आल्या, सह्या केल्या, भावाकडं न बघता, चहा न घेता गेल्या. आबांचं ते बोलणं घरात कुणाला न सांगताच आता दत्ताकाकाही गेला. शालनताई वरकुट्यातच आहेत, केस पिकलेत त्यांचे असं ऐकते. आबांनी शेवटी त्यांचं नाव घेतलं होतं हे सांगू शकणारं माणूस या जगात आता मी एकटीच उरले आहे, आणि माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवावा असं मी काहीच केलेलं नाही.